हाकेच्या अंतरावरची दुरुस्ती

घरात नवे यंत्र येते तो दिवस सणासारखा साजरा होतो. खोक्यातून ते बाहेर निघते, त्याला हळदकुंकू लागते, एखाद्या घरी नारळही फुटतो आणि शेजारच्या बायका येऊन कौतुकाने पाहून जातात. यंत्र बिघडते तो दिवस मात्र कोणत्याच पंचांगात लिहिलेला नसतो. तो पाहुणे यायच्या दिवशी उगवतो, श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या वेळी उगवतो, मुलांच्या परीक्षेच्या आदल्या रात्री उगवतो. आणि ज्या वस्तूने माणसाचा एक तास वाचवावयाचा, तीच त्याचा सबंध दिवस खाऊन टाकते. या त्राग्याला कोणी मोठे दुःख म्हणणार नाही. लोक त्यावर विनोद करतात आणि विसरून जातात. परंतु जी गोष्ट घरोघर घडते आणि जिचा भार बहुधा घरातील स्त्रियांवर व वृद्धांवर पडतो, तिचा विचार विनोदाच्या थोडे पलीकडे जाऊन करणे अवश्य आहे.

विचार करताना एखादे गाव डोळ्यांपुढे असलेले बरे. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की हिंडलगा व सुळगा मागे पडतात आणि उचगावचा फाटा लागतो. पावसाळ्यात भाताने हिरवागार होणारा हा मुलूख. मळेकरणी देवीच्या आमराईमुळे या गावाचे नाव दूरवर ठाऊक आहे. आणि जेथे मराठी साहित्य संमेलने भरतात असे गाव म्हणूनही ते सीमाभागात ओळखले जाते. पुढे तुरमुरी, बाची ओलांडली की शिनोळीपाशी महाराष्ट्राची हद्द. असे हे दोन राज्यांच्या उंबरठ्यावरचे गाव. येथील घरांत आज काय नाही? विजेचे दिवे आहेत, गॅसची शेगडी आहे, कुकर, मिक्सर, फ्रिज आहे, विहिरीवर मोटर आहे. मुलगा बेळगावला, शिनोळीच्या कारखान्यात किंवा पुण्याला कामाला असतो. दिवाळीला येताना तो आईसाठी एखादे नवे यंत्र आणतो, दोन दिवस ते चालवून दाखवतो आणि परत जातो. मग घरात उरतात ते म्हातारा, म्हातारी आणि यंत्र.

या म्हातारीच्या तरुणपणी घरातील साधनांचा प्रपंच निराळा होता. चूल तिने स्वतःच्या हाताने घातलेली असे. चुलीचा खूर ढासळला तर ती माती कालवी, लिंपून घेई आणि पोतेरे फिरवी; संध्याकाळी त्याच चुलीवर भाकरी होई. जात्याची टाकी झिजली की पीठ भरड येऊ लागे. मग टाकी लावणारा पाथरवट ‘जात्याला टाकी’ अशी आरोळी देत गल्लीतून येई आणि ओसरीवर बसून छिन्नी-हातोड्याने जाते पुन्हा धारदार करून देई. पितळेच्या भांड्यांची कल्हई उडाली की भाता घेऊन कल्हईवाला दारात बसे. नवसागराचा धूर निघे, कथलाचा हात फिरे आणि काळवंडलेले पातेले चांदीसारखे होऊन घरात जाई. पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला, तेव्हाही त्याची पिन आणि वायसर विकणारा व बसवून देणारा माणूस बाजाराच्या दिवशी हटकून भेटे. शेतातल्या अवजारांचे तर बोलायलाच नको. नांगराला सुतार होता, फाळाला लोहार होता, आणि ते दोघेही गावातच राहत होते.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. सुगीच्या वेळी शेतकऱ्याने खळ्यावरून बलुते द्यावे आणि वर्षभर बलुतेदाराने त्याची कामे करावीत, असा हा व्यवहार. आजच्या भाषेत बोलायचे तर तो दुरुस्तीचा वार्षिक करारच होता. वस्तू नवी करून देणारा आणि मोडलेली नीट करणारा एकच माणूस असे. म्हणून वाईट काम केले तर त्याचा ताप त्याच्याच माथी येई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो हाकेच्या अंतरावर असे.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. तिच्यात जन्मावरून धंदा ठरत होता. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे आणि ज्यांच्या वाट्याला हलकी म्हणून ठरवलेली कामे आली त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तीच करावी, असा तिचा निर्दय कायदा होता. बलुतेदार काम वेळेवर करीत नाहीत, ही तक्रारही आत्र्यांच्या काळात जुनीच होती. शिवाय ज्या चुलीची आठवण आज लोक हौसेने काढतात, तिच्या धुराने किती बायकांचे डोळे आणि छाती खराब झाली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पहाटे उठून दळण दळणे ओव्यांत गोड वाटते. खांद्यांना ते गोड वाटत नसे. १९५६ नंतर दोन-तीन पिढ्यांत खेड्यातल्या स्त्रीचे जे कष्ट कमी झाले, ते पिठाच्या गिरणीने, नळाने, विजेने आणि गॅसने केले. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तर ज्या घरांना गॅस परवडणे शक्य नव्हते, तेथेही शेगडी पोहोचवली. म्हणून यंत्राला दोष देऊन भागणार नाही.

दोष आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. यंत्र घरात आले, पण त्याची दुरुस्ती त्याच्याबरोबर आली नाही. पूर्वी कारागीर आरोळी देत दारी येई आणि घरातल्या माणसाने त्याला थांबवायचे असे. आज घरातले माणूस हाका मारीत राहते आणि पलीकडे कोण आहे हेच त्याला कळत नाही. चुलीची मालकीण ही तिची कारागीरही होती. कुकरची, मिक्सरची, मोटरीची मालकीण ही केवळ ग्राहक आहे. वस्तू तिची, पण वस्तूचे ज्ञान दुसऱ्याचे. आणि तो दुसरा कोठे आहे, हे तिला ठाऊक नाही. घरातल्या कर्तेपणाला लागलेला हा धक्का पैशाच्या नुकसानापेक्षा अधिक बोचणारा असतो. जी बाई चाळीस वर्षे डोळे मिटून चूल पेटवीत होती, तिला शेगडी पेटली नाही म्हणून मुलाला पुण्याला फोन करावा लागतो.

या गोष्टीचे महत्त्व ओळखणारा एक कारखानदार याच बेळगाव जिल्ह्यात जन्मला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे १८६९ साली गुर्लहोसूर येथे जन्मले. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाला. सायकल ही तेव्हाची नवलाईची वस्तू. ती विकायची म्हणजे चालवायला शिकवणे आणि मोडली तर नीट करणे हे ओघानेच आले. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर पहिल्याने खपेना. लोखंडाने जमिनीत विष उतरते, असे शेतकरी म्हणत. त्या समजुतीला आज कोणीही हसेल. परंतु तिच्याआड एक व्यवहारी शंकाही दडलेली असावी. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार संध्याकाळपर्यंत तो उभा करी. हा लोखंडी नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला तर काय करायचे? त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून कोणताही शहाणा शेतकरी बैल त्याला जुंपणार नव्हता. यंत्र विकणे हे कारखानदाराचे अर्धेच काम होय. सुटा भाग आणि तो बसवणारा हात गावापर्यंत पोहोचवणे हे उरलेले अर्धे.

आज हे उरलेले अर्धे काम कसे अडते, ते घरातल्या एकेका वस्तूवरून पाहता येईल. पहिली वीज. गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून घरांकडे जाणाऱ्या तारांत तीन तारा विजेचा दाब घेऊन येतात आणि चौथी, जिला न्यूट्रल म्हणतात, ती परतीची वाट असते. काही घरे पहिल्या तारेवर, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या तारेवर जोडलेली असतात. प्रत्येक घराला सुमारे २३० व्होल्ट मिळावेत अशी ही रचना आहे. पावसाळ्यात वाऱ्याने फांदी पडून किंवा सांधा गंजून खांबावरची न्यूट्रल तुटली, तर वरकरणी वीज जात नाही. पण घराघरांतला दाब विस्कटतो. दोन तारांमधला दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो आणि तो मग घरांत वाटेल तसा विभागला जातो. ज्या आळीत त्या वेळी अधिक यंत्रे चालू असतील तेथे दिवे मंद होतात. ज्या घरात एखादाच दिवा आणि फ्रिज चालू असेल तेथे तो दाब दीडपट होऊ शकतो. दिवा डोळे दिपवणारा उजेड देतो, फुटतो, आणि फ्रिजही जळतो. दिवे एकाएकी अति प्रखर झाले, किंवा शेजाऱ्याने मोटर चालू करताच आपल्या घरचा उजेड वर-खाली होऊ लागला, तर ही खूण ओळखून तत्काळ मेन स्विच बंद करावा आणि शेजाऱ्यांनाही सांगावे. एवढी एक गोष्ट ठाऊक असली तर आळीतल्या अनेक घरांचे फ्रिज वाचतील.

दाब वाढल्याने यंत्र जळते, हे कोणालाही पटते. दाब कमी झाल्यानेही मोटर जळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मोटरीवरचा भार तोच असतो. दाब उतरला की तो भार ओढण्यासाठी ती अधिक प्रवाह घेऊ लागते आणि तिची गुंडाळी तापते. लांबलचक तारेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांना आणि विहिरींना हा त्रास विशेष होतो. दिवा मिणमिणत असताना मोटर चालू करणे म्हणजे उपाशी बैलाकडून पूर्ण मोट ओढवणे होय.

फ्यूजची कथा याहून बोलकी आहे. फ्यूज म्हणजे मुद्दाम दुबळी ठेवलेली तार. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती स्वतः वितळते आणि घर वाचवते. ती वारंवार वितळते म्हणून कंटाळून लोक तिच्या जागी जाड तार पिळून बसवतात. आता फ्यूज उडत नाही, हे खरे. परंतु पुढच्या वेळी भिंतीतली वायर तापते आणि ते कोणाला दिसत नाही. हा अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. रात्री नऊ वाजता काळोखात बसलेल्या माणसाला योग्य जाडीची तार दोन रुपयांत गावात मिळाली असती, तर त्याने हातात आलेली जाड तार कशाला वापरली असती? नव्या घरांतून फ्यूजच्या जागी आपोआप तुटणारे स्विच आले आहेत. त्यांच्या जोडीला ३० मिलिॲम्पिअरइतकी अल्प गळती होताच वीज तोडणारे उपकरणही मिळते. विजेचा धक्का बसताच माणसाला वाचवण्याचे सामर्थ्य त्यात आहे. ओल्या भिंतींच्या या पावसाळी मुलखात ते चैनीत जमा करता येणार नाही.

कुकरकडे वळावे. बेळगावचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे. तेथे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांवरच उकळते, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजायला थोडा अधिक वेळ लागतो. कुकरात वाफ कोंडल्याने उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते आणि डाळ झटपट मऊ होते. ही सारी किमया झाकणाच्या एका रबरी कड्यावर अवलंबून असते. ते कडे उष्णतेने कडक होते, त्याला चिरा पडतात, वाफ बाजूने निसटते आणि शिटी होत नाही. कड्याची किंमत कुकरच्या किमतीपुढे नगण्य. परंतु त्या बनावटीचे, त्या मापाचे कडे मिळावे यासाठी तालुक्याच्या बाजारात तीन दुकाने पालथी घालावी लागतात. मग दुसऱ्याच बनावटीचे कडे बसवले जाते. त्याहून घातक प्रकार सुरक्षा-झडपेचा. आतले पाणी आटून कुकर अतोनात तापला की ही झडप वितळून वाफेला वाट देते. तिच्या जागी भलतीच वस्तू ठोकून बसवणे म्हणजे स्वयंपाकघरात तोफ डागण्याची तयारी करणे होय.

गॅसची टाकी घरात येते तेव्हा तिच्या अंगावर लिहिलेले वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावर नोंदलेले असते. दोन्हींची बेरीज काट्यावर भरली पाहिजे. आणि टाकी वजन करून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. टाकीच्या वरच्या पट्टीवर ‘ए’पासून ‘डी’पर्यंत एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. अक्षर वर्षाची तिमाही सांगते. त्या मुदतीपर्यंत टाकीची पुन्हा तपासणी झाली पाहिजे, असा त्याचा अर्थ. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. शेगडीची ज्योत निळी न राहता पिवळी झाली आणि भांड्यांची बुडे काळी होऊ लागली, तर बर्नरची छिद्रे बुजली आहेत किंवा हवेची वाट अडली आहे, असे समजावे. हे ज्ञान असायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. चुलीतली लाकडे कशी रचावी हे जाणणारी बाई हेही सहज शिकेल. तिला कोणी सांगितले पाहिजे इतकेच.

वस्तूंपेक्षा सेवांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. टाकीची मागणी आता फोनवर नोंदवायची असते. पलीकडे माणूस नसतो. ध्वनिमुद्रित आवाज एक दाबा, दोन दाबा असे सांगत राहतो. टाकी दारात आली की फोनवर आलेला परवलीचा आकडा सांगावा लागतो. लबाडी होऊ नये म्हणून केलेली ही योजना मुळात चांगलीच. परंतु जोडणी नोंदवताना क्रमांक दिलेला असतो मुलाचा, मुलगा कारखान्यात कामावर, त्याचा फोन पेटीत बंद, आणि दारात टाकी घेऊन उभा असलेला माणूस घाईत. म्हातारी त्याला ओळखते, तो तिला ओळखतो. तरीही दोघांच्यामध्ये चार आकडे उभे राहतात. घरात राहणाऱ्या माणसाचाच क्रमांक नोंदवून घेणे, हा यावरचा साधा उपाय आहे. तो करायला लेकाने दिवाळीच्या सुटीतली एक सकाळ दिली पाहिजे.

आणि मग येतो भाषेचा प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, समाविष्ट झाले. त्या निर्णयाबद्दलचा वाद सर्वश्रुत आहे. येथे पाहावयाचे ते केवळ त्याचे स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेले टोक. घरात येणाऱ्या विजेच्या बिलाचा मजकूर कन्नडात असतो. शाळेत कन्नड शिकलेला नातू तो वाचतो; मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या आजीला त्यातले फक्त आकडे कळतात. काही किलोमीटरवर, शिनोळीच्या बाजूला राहणाऱ्या तिच्या बहिणीचे बिल मराठीत असते. जुलै २०२३ पासूनच्या गृहज्योती योजनेने कर्नाटकात घरगुती वापराला दरमहा २०० युनिटांपर्यंत सवलत दिली. परंतु प्रत्येक घराची मोफत युनिटे त्याच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरवलेली आहेत. आपल्या घराचा आकडा कोणता आणि यंदा बिल का आले, हे त्या कागदावरच छापलेले असते. ज्या गावात साहित्य संमेलनाच्या मांडवात हजारो शब्द ऐकले जातात, त्याच गावात घरमालकिणीला तिच्या नावाचा एक कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. हा विरोधाभास कडू आहे. पण त्याचा राग खांबावर चढणाऱ्या माणसावर काढणे योग्य नव्हे.

तो वायरमनही कोणाचा तरी मुलगा असतो. जून-जुलैच्या पावसात, वारा सुटलेला असताना, अनेक गावांचा भार एकट्याच्या माथी घेऊन तो हिंडतो. एका गावात तार जोडीपर्यंत दुसऱ्या गावातून फोन येतो. चुकीच्या बाजूने वीज आली तर त्याचा जीव जातो, आणि असे अपघात घडत असतात. त्याची बोली कन्नड असली आणि आजीची मराठी असली, तरी ‘फ्यूज’, ‘वायर’, ‘मीटर’ हे शब्द दोघांचे एकच आहेत. त्याला तांब्याभर पाणी आणि चहा देणारी घरे या भागात पुष्कळ आहेत. उणीव माणुसकीची नाही. माणसांच्या संख्येची, सामानाची आणि उत्तरदायित्वाची आहे.

उत्तरदायित्वाचे मार्ग कायद्याने मोकळे केले आहेत, हे लोकांना पुरेसे ठाऊक नसते. राज्यघटनेच्या ३५०व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे तक्रारीचा अर्ज मराठीत लिहिणे हा हट्ट नव्हे, तो घटनादत्त अधिकार आहे. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे बिल थकले तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्यावाचून वीज तोडता येत नाही. प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहकांच्या तक्रारींसाठी मंच ठेवावा लागतो, आणि त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर लोकपालाकडे जाता येते. बिघाड किती वेळात दुरुस्त झाला पाहिजे, याच्या मुदती राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याआधी १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते. आता २०१९ चा नवा कायदा अमलात आहे. वीजपुरवठाही त्यात ‘सेवा’ म्हणून धरलेला आहे. वस्तूची किंवा सेवेची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे शुल्क न भरता तक्रार करता येते, वकील देण्याची सक्ती नाही, आणि तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल होते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे, आणि हाती पावती पाहिजे. आपली माणसे पावती घेत नाहीत, घेतली तर देवघरातल्या फोटोमागे खोचतात, आणि नेमकी वेळेला ती सापडत नाही.

जगातही या प्रश्नाने आता जोर धरला आहे. फ्रान्सने २०२१ साली काही यंत्रांवर ती दुरुस्त करायला किती सोपी आहेत याचे दहापैकी गुण छापण्याची सक्ती केली. सुटे भाग मिळतात काय, त्यांची किंमत काय, यंत्र उघडता येते काय, माहिती दिली आहे काय, असे पाहून ते गुण ठरवले गेले. भारत सरकारनेही जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली, शेतीची अवजारे, फोन, घरगुती यंत्रे आणि वाहने तिने विचारार्थ घेतली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू झाले. शब्द नवे आहेत. मागणी मात्र लोखंडी नांगराकडे संशयाने पाहणाऱ्या त्या शेतकऱ्याचीच आहे.

सरकार व कारखानदार आपापले काम करोत. गावालाही काही करता येण्यासारखे आहे. गावात आठ-दहा मुले आणि मुलीही अशा असतात की ज्यांचे हात यंत्रात रमतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून ती शहराची वाट धरतात, कारण गावात दुरुस्तीच्या कामाला मान नाही आणि ठरलेला मोबदलाही नाही. चार मोटरी, पन्नास मिक्सर आणि दोनशे शेगड्या असलेल्या आळीने अशा एकाला वर्षाचा ठराविक आधार दिला, तर बलुत्यातला शहाणपणाचा भाग जातीच्या जोखडावाचून परत येईल. येथे धंदा जन्माने ठरणार नाही, शिकण्याने ठरेल; आणि दाणे घालून उपकार केल्याचा आविर्भाव राहणार नाही, रोख दाम मिळेल. फ्यूजची तार, कुकरची नेहमीची कडी, गॅसची नळी, नळाचे वायसर एवढे सामान गावातल्या एका दुकानी असले तरी अर्धे त्रागे मिटतील. महिला मंडळाच्या एखाद्या बैठकीत फ्यूज कसा बदलावा, टाकीवरचे अक्षर कसे वाचावे, मेन स्विच कोठे असतो, हे प्रत्यक्ष दाखवले तर दोन तासांत होणारे काम आहे. आणि प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तीन क्रमांक लिहिलेले असावेत: विजेच्या तक्रारीसाठी १९१२, गॅसगळतीसाठी १९०६, आणि ग्राहकांच्या गाऱ्हाण्यांसाठी १९१५. शेवटच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

यंत्राने माणसाचे कष्ट वाचवावेत, त्याचे कर्तेपण हिरावून घेऊ नये, एवढीच अपेक्षा रास्त आहे. म्हणून पुढच्या दिवाळीला आईसाठी नवी वस्तू घेताना दुकानदाराला तिचा रंग, तिची किंमत आणि हमीची वर्षे अवश्य विचारावीत. पण पैसे मोजण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा, की ही बिघडली तर आमच्या गावात हाक कोणाला मारायची?